मास्तरीणबाई लॅपटॉप घेतात

मास्तरांनी उभ्या आयुष्यात कुणाला पाढे शिकवले नाहीत की शुद्धलेखन, तरी सगळी गल्ली त्यांना मास्तरच म्हणायची. ते गाडी चालवायला शिकवत. चौकाच्या कोपऱ्यावर त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा रंगीत तक्ता आणि दाराशी ती प्रसिद्ध पांढरी गाडी. प्रसिद्ध अशासाठी की तिला दोन्ही बाजूंना ब्रेक होते. शिकणाऱ्याच्या पायाशी एक आणि शेजारी बसलेल्या मास्तरांच्या पायाशी एक. शिकणारा चुकतोय असं वाटलं रे वाटलं की मास्तर आपल्या बाजूचा ब्रेक दाबणार, गाडी गचकन थांबणार आणि मास्तर म्हणणार, "हं. आता सांग, काय चुकलं?"

हे गाडीपुरतं राहिलं असतं तर कुणाची काय तक्रार असणार? पण इतक्या वर्षांत त्यांच्या पायाला खोडच जडली होती. समोर कुणीही, कुठलीही चूक करायला निघालं की मास्तरांचा पाय जमिनीवर दाबला जायचा. शेजारणीच्या हातातलं दुधाचं पातेलं कलंडलं, दाबला पाय. मालिकेतली भोळी नायिका लबाड दिराच्या हातात तिजोरीच्या किल्ल्या द्यायला लागली, दाबला पाय. घरी सोफ्यासमोरच्या सतरंजीला नेमकं त्या जागी भोक पडलं होतं. मास्तरीणबाईंनी ठिगळ लावलं, तर तेही झिजलं.

मास्तरीणबाई म्हणजे अर्थातच मास्तरांची बायको. "नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा!" असं त्या स्वतःच हसत म्हणायच्या, कारण या मास्तरीणबाईंचं शिक्षण कॉलेजच्या पहिल्या वर्षातच अडलं होतं. भूगोल घेतला होता त्यांनी. मग लग्न, मग लेक, मग ड्रायव्हिंग स्कूलच्या टेबलामागची खुर्ची. फोन त्या घेणार, कुणाला कुठली वेळ द्यायची ते त्या बघणार, गाडीतून रडत उतरलेल्यांना पाणीही त्याच देणार. मास्तरांच्या हाताखाली बरेच जण रडत. मधल्या वेळात टेबलाच्या काचेखालचा जगाचा नकाशा बघत बसायच्या. कुठला वारा कुठून कुठे वाहतो आणि कुठल्या समुद्राचं पाणी गरम असतं, हे त्यांना अजून तोंडपाठ होतं. विचारणारं कुणी नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

आणि गाडी? इतकी वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये काढून मास्तरीणबाईंना गाडी येत नव्हती! लग्नानंतर मास्तरांनी मोठ्या हौसेनं शिकवायला घेतली होती. पहिलं वळण आलं, ब्रेक. दुसरं आलं, ब्रेक. तिसऱ्याला तर त्यांनी अजून चाक फिरवलंही नव्हतं, तोच ब्रेक. "हं. काय चुकलं?" त्या दार उघडून खाली उतरल्या, भर रस्त्यात गाडी सोडून चालत घरी आल्या आणि पुन्हा म्हणून त्या सीटवर बसल्या नाहीत. मास्तर लोकांना सांगत, "हिला गाडीची आवडच नाही." मास्तरीणबाईंनीही ते कधी खोडून काढलं नाही. खरं तर त्यांना फार आवड होती.

अशा मास्तरीणबाईंनी त्या वर्षी कुणालाही पत्ता लागू न देता कॉलेजात अर्ज केला. अर्धवट सुटलेलं शिक्षण पुरं करणाऱ्या मोठ्या माणसांना तिथे घेत असत. एका सकाळी फोन आला. प्रवेश मिळाला, विषय भूगोल, सोमवारपासून वर्ग. लेकीनं आईला मिठी मारली. मास्तर आ वासून बघत राहिले, मग म्हणाले, "वा, वा. वा." एवढं बोलून त्यांनी चहाचा कप बशीऐवजी रिमोटवर ठेवला.

"वर्गात स्वतःचा लॅपटॉप आणायला सांगितलाय," मास्तरीणबाई म्हणाल्या.

झालं! त्या क्षणापासून घरात कॉलेजचं नाव कुणी काढीना. जो तो लॅपटॉपच्या मागे लागला.

लेक एका दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस होती. दिवसभर लोकांना गोड आवाजात "आ करा" म्हणणारी ही शांत मुलगी घरी आली की जुन्या संगणकावर रणगाडे उडवत बसायची. तो संगणक आता थकला होता, ऐन लढाईत झोपायचा. लेक म्हणाली, "आई, भूगोलाला ना, एकदम दणकट मशीन लागतं. हल्ली डोंगर-दऱ्या सगळं हलतं दाखवतात." मास्तर म्हणाले, "पडदा मोठा बघा. सुट्टीच्या दिवशी स्कूलमध्ये सगळ्यांना वाहतुकीच्या खुणा दाखवता येतील." जाऊबाईंनी फोन करून सांगितलं की आमचा जुना नुसता पडलाय, घेऊन जा, फक्त तो मिटत नाही. मिटत नसलेला लॅपटॉप काय डोक्यावर धरून न्यायचा?

तुला कशासाठी हवा, तुला कसा हवा, हे मास्तरीणबाईंना एकानंही विचारलं नाही. सगळी माणसं प्रेमाची होती हो, पण प्रेमाच्या माणसांना विचारायचं सुचतच नाही.

मास्तरीणबाई वरून हसत होत्या, पण मनात त्यांनी एक गोष्ट ठरवून टाकली होती. गाडीचं झालं तसं याचंही झालं, तर सोमवारी कॉलेजला फोन करून सांगायचं, मी येत नाही. भांडायचं नाही, रडायचं नाही, नकाशा आहेच काचेखाली. मात्र ही शेवटची खेप. यानंतर कधी कशाची हौस करायची नाही.

शनिवारी तिघं दुकानात गेली. बाजारपेठेत गाड्यांना बंदी, म्हणून पांढरी गाडी पुलापलीकडे लावून चालत जावं लागलं. दुकान थंडगार होतं. लांबलचक टेबलांवर लॅपटॉप ओळीनं उघडून ठेवले होते आणि प्रत्येकाच्या पडद्यावर तोच एक डोंगर, तेच एक तळं दिसत होतं. निळ्या टी-शर्टातली एक विक्रेती हसत पुढे आली.

"मॅडम, कशासाठी हवाय?"

"कॉलेजसाठी," मास्तर म्हणाले.

"कुठला विषय, मॅडम?"

"भूगोल," लेक म्हणाली. "म्हणजे दणकट मशीन लागेल."

"मॅडम, साधारण किती वेळ वापराल?"

"ते आम्ही घरी ठरवू," मास्तर म्हणाले. विक्रेतीनं एकदा मास्तरीणबाईंच्या तोंडाकडे नीट पाहिलं. यांना बोलता येतं ना, अशी शंका तिला आली असावी.

मास्तरांनी मग सूत्रं हाती घेतली. बायकोला एका लॅपटॉपसमोर बसवलं. "आधी खुर्ची नीट कर. पाठ ताठ. हात चाकावर... हे आपलं, याच्यावर. आता घाई न करता सुरू कर." मास्तरीणबाईंनी बोटानं पडद्यावरचा बाण हलवला. बाण जरा भलत्या कोपऱ्यात गेला आणि टेबलाखाली मास्तरांचा पाय फरशीवर दाबला गेला. बाण मात्र थांबला नाही, पुढे गेला तो गेलाच. मास्तर कावरेबावरे झाले. आपल्या बाजूला ब्रेक नसलेलं वाहन ते पहिल्यांदाच बघत होते.

"अहो ताई," त्यांनी विक्रेतीला विचारलं, "हा दोन्ही बाजूंनी चालवता येईल असा मिळतो का?"

"म्हणजे?"

"म्हणजे ही चालवतेय, ठीक आहे. पण शेजारच्या माणसाला वाटलं, आता चुकतंय, तर त्याच्याही हातात काहीतरी हवं ना?"

ती पोरगी सरळ मनाची. तिला वाटलं, गिऱ्हाईक दुसरा माउस मागतंय. "जोडता येतो की! एक तुमच्याकडे, एक मॅडमकडे. बाण एकच, दोघांनाही हलवता येतो."

मास्तरांचा चेहरा असा उजळला की काय सांगू! "बघ," ते बायकोला म्हणाले, "आधीच विचारलं म्हणून कळलं." आणि विक्रेतीनं जोडून दिलेला माउस घेऊन ते तिच्या शेजारी ऐसपैस बसले.

मास्तरीणबाईंनी विक्रेतीकडून पृथ्वीचा गोल उघडून घेतला. काळ्या आकाशात निळा गोल तरंगत वर आला आणि त्यांचा श्वासच अडकला. इतकी वर्षं काचेखाली चपटी पडलेली पृथ्वी इथे गोल होती, फिरत होती, बोट लावलं की जवळ येत होती! त्यांनी दक्षिण टोकाकडे जायला बोट सरकवलं. गोल वळायला लागला आणि मध्येच गचकन थांबला.

"तिकडे नुसतं बर्फ आहे," शेजारून मास्तर म्हणाले. "इकडे घे."

मास्तरीणबाईंनी गोल पुन्हा दक्षिणेला ओढला. मास्तरांनी उत्तरेला ओढला. बिचारी पृथ्वी मधल्यामध्ये थरथरायला लागली. एवढ्यात लेक पाठीमागून वाकून म्हणाली, "आई, एक मिनिट, मला फक्त रणगाडा चालतो का ते बघू दे," आणि तिनं रणगाड्यांच्या खेळाचं बटण दाबलं. समुद्राच्या मधोमध स्फोटाचा आवाज झाला. शेजारच्या टेबलावरची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. एका गृहस्थांनी तर मास्तरांनाच सल्ला दिला, "वहिनींना आधी साधा फोन शिकवा."

"हं," मास्तर शांतपणे बायकोला म्हणाले. "आता सांग, काय चुकलं?"

मास्तरीणबाईंनी हात मांडीवर घेतले. त्यांच्या कानशिलांपर्यंत संताप चढला होता आणि डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्या पाण्याचाच त्यांना जास्त राग येत होता. उठावं, चालत घरी जावं. सोमवारी फोन करावा, येत नाही म्हणून. किती सोपं होतं! त्या अर्ध्या उठल्यासुद्धा.

पण उठता उठता त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. माउस धरून बसलेला तो माणूस मनापासून, अगदी जीव लावून शिकवत होता. दुष्ट असता तर सोडून जाणं सोपं होतं. त्या पुन्हा बसल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "परीक्षेच्या दिवशी तुम्ही गाडीत बसता का?"

मास्तर दचकले. "परीक्षेच्या? छे! परीक्षेला शिकवणारा गाडीत बसत नसतो. फाटकाबाहेर थांबायचं असतं."

हा त्यांच्या धंद्यातला नियम होता आणि मास्तरांनी तो कधी म्हणजे कधी मोडला नव्हता. लायसन्सची परीक्षा घेणारे ओळखीचे साहेब म्हणायचे, "मास्तर, बसा मागे, कुणी बघत नाही." मास्तर कानाला हात लावायचे. एरवी पोराला सुखानं वळू न देणारा हा माणूस परीक्षेच्या दिवशी फाटकाबाहेर पाठ करून उभा राहायचा. "आता त्याचं तो बघेल," म्हणायचा.

"मग उठा," मास्तरीणबाई म्हणाल्या. "माझी परीक्षा आहे."

"अगं, पण ही कसली परीक्षा? इथे काय परीक्षक आहे?"

"मला चुकायचंय," त्या म्हणाल्या. आवाज चढला, तो त्यांनी चढू दिला. "मला माझं माझं चुकायचंय आणि माझं माझं बघायचंय काय चुकलं ते! तुम्ही शेजारी असलात की मला नीट चुकतासुद्धा येत नाही. जा बाहेर. आणि हिलाही न्या."

वहिनींना फोन शिकवायला निघालेले गृहस्थ एकदम प्रिंटरच्या विभागात रस घेऊ लागले. मास्तरांनी माउसकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, मग माउस हळूच टेबलावर ठेवला आणि लेकीचा हात धरून ते काचेच्या दाराबाहेर गेले. नियम म्हणजे नियम. तिथे त्यांनी दुकानाकडे पाठ केली.

"तर मॅडम," विक्रेती म्हणाली, "कशासाठी हवाय?"

आणि मास्तरीणबाई बोलायला लागल्या. वारे, प्रवाह, वाळवंटं, नद्यांची मुखं, सगळं. ती पोरगी बघतच राहिली. मग त्यांनी एका टोकापासून सुरुवात केली आणि प्रत्येक लॅपटॉपवर पृथ्वी फिरवून पाहिली. एकावर पृथ्वी उचक्या देत फिरायची. एकावर समुद्र करडा दिसायचा. एकावर त्यांनी दोन बटणं एकदम दाबली आणि अख्खा पडदाच उलटा झाला, पृथ्वी खाली डोकं वर पाय! विक्रेतीनं पटकन हात पुढे केला.

"थांबा," मास्तरीणबाई म्हणाल्या. "केलं मी, तर बघतेही मीच."

त्यांनी मान वाकडी केली. हे दाबून पाहिलं, ते दाबून पाहिलं. पडदा आडवा झाला, पुन्हा उलटा झाला, आणि बऱ्याच खटपटीनंतर सरळ झाला. त्यांनी असं काही आजूबाजूला पाहिलं की विक्रेतीला टाळ्या वाजवाव्या लागल्या. बाहेर पाठमोऱ्या मास्तरांना यातलं काहीच दिसत नव्हतं, तरी त्यांचा पाय मात्र पदपथावर पुन्हा पुन्हा दाबला जात होता. दुकानाच्या रखवालदारानं अखेर विचारलं, "पायात गोळा आलाय का, साहेब?"

कोपऱ्यातल्या टेबलावर एक काळाकुट्ट, अवाढव्य लॅपटॉप होता. त्याच्या बटणांखालून लाल, हिरवे, जांभळे दिवे चमकत होते. मास्तरीणबाईंनी त्यावर पृथ्वी फिरवली आणि ती तुपासारखी फिरली. दिवस मावळला, रात्र झाली, पलीकडून पुन्हा उजाडलं, कुठे अडखळणं नाही.

"मॅडम, हा गेम खेळणारी मुलं घेतात," विक्रेती म्हणाली. "जड आहे फार. चार्जरच विटेएवढा आहे. बॅटरी पटकन संपते, पंखा जोरात वाजतो. रोज न्यायला नाही परवडणार तुम्हाला."

"हो का," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांचं लक्ष पृथ्वीवर होतं. "हाच द्या."

खोकं घेऊन त्या बाहेर आल्या तेव्हा लेकीनं रस्त्यातच उडी मारली. "आई! हा? अगं, हाच तर मी...!"

"त्याला कुणी हात लावायचा नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. "अभ्यासाचा आहे." लेकीचं तोंड एवढंसं झालं. तशीच ती दवाखान्यात कामाला गेली. त्या संध्याकाळी कुणाकुणाच्या दाढा दुखावल्या असतील, देव जाणे.

मास्तरांनी खोक्याला नुसता हात लावून पाहिला आणि त्यांचा पाय दाबला गेला. "अगं, हा तर गाडीच्या बॅटरीएवढा जड आहे! कॉलेजला तीन जिने आहेत, लिफ्ट नाही. रोज कसा नेणार? चूक केलीस तू."

"केली असेन."

"बदलून घेऊ या. मी आत जाऊन..."

"नको. पाठीवर घ्यायची पिशवी शिवून घेईन, नाहीतर जिन्यात बसत बसत जाईन. नाहीच झेपला तर मी येईन बदलायला." त्यांनी खोकं छातीशी कवटाळलं. "चला."

बाजारपेठेतून दोघं निघाली. ती पुढे खोकं घेऊन, तो मागे रिकामा. दिसायला काही बरं दिसत नव्हतं. एका भाजीवालीनं तर मास्तरांकडे बघून नाक मुरडलं. त्यांनी हात पाठीमागे बांधले, पुन्हा सोडले, खिशात घातले, काढले. हातांचं काय करायचं हेच त्यांना कळेना. मास्तरीणबाईंचे दंड भरून आले, बोटं वळेनात. खोकं खरंच भयंकर जड होतं. सोमवारी तिसऱ्या जिन्यावर आपण या खोक्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करणार, हे त्यांना तिथेच कळून चुकलं. पण सोमवारी आपण त्या जिन्यावर असणार, हेही कळलं, आणि त्या एकट्याच खुदकन हसल्या.

"काय झालं?" मास्तरांनी घाबरून विचारलं.

"काही नाही. चुकलंच माझं. फार जड आहे."

मी म्हटलं नव्हतं का, हे मास्तरांच्या जिभेच्या अगदी टोकाशी आलं होतं. ते त्यांनी गिळलं, आणि ते घशाखाली उतरताना स्पष्ट दिसलं.

पुलाच्या पायऱ्यांशी त्या थांबल्या. खोकं कठड्यावर टेकवलं, पदरानं घाम पुसला. पायऱ्या बऱ्याच होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि मग नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो, एक बाजू धरता का?"

मास्तर तीरासारखे पुढे झाले. दोन्ही हात पसरले, खोक्याला लागणार एवढ्यात थांबले. तसेच हात हवेत धरून, परीक्षेला बसलेल्या पोरासारखे बायकोच्या तोंडाकडे बघत राहिले.

"कुठली धरू?"

एवढ्या संसारात त्यांनी हे असं कधी विचारलं नव्हतं. मास्तरीणबाईंनी उगाचच खोक्याची ही बाजू पाहिली, ती बाजू पाहिली, चांगला वेळ घेतला.

"ती," त्या म्हणाल्या. "आणि माझ्या चालीनं चला."

मास्तरांनी ती बाजू धरली. पहिल्याच पायरीवर त्यांची घाई झाली आणि खोकं तिरकं झालं.

"हळू," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"बरं," मास्तर म्हणाले, आणि हळू चालायला लागले.